कुबडीचं बूच

प्रिय लेखकमहाशय,

हस्तलिखित दोन बैठकींत वाचून काढलं. पुराचं प्रकरण झकास. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर पूर मोजतो, हे बरोबर पकडलंस.

आता भांडण. कादंबरी २०२४ मधली, गोट्या दहा वर्षांचा, आणि त्याला पोलिओ? भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. तेव्हा गोट्याला एक तर माझ्या पिढीत आण, नाहीतर सेरेब्रल पाल्सी दे. पण नुसतं नाव बदलून भागायचं नाही. पोलिओत माझा पाय लुळा पडला; पाल्सीत बहुतेकदा स्नायू ताठरतात. मग त्याचं चालणं, पेला धरणं, कदाचित बोलणंही वेगळं होईल. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ आहेत. 'अपंग' एवढ्या एका शब्दावर पात्र उभं राहत नाही, बाबा.

खरा राग वेगळाच आहे. गोट्या खोटं बोलत नाही, चिडत नाही, कुणाचा हेवा करत नाही. त्याच्या सोशिकपणाने शेजारचा दांडगट बंड्या सुधारतो आणि झाली मैत्री! अरे, तो मुलगा आहे की देव्हाऱ्यातली समई? आम्हाला पूर्वग्रह नसतात हे तुला कुणी सांगितलं? अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत एक गतिमंद मुलगा सारखा माझा शर्ट ओढत होता. लोकांनी मलाही त्याच्यातलाच समजू नये म्हणून मी नंबर सोडून दोन माणसं मागे सरकलो. हे असलं लिही की.

आणि मैत्रीचं म्हणशील तर ऐक. रामकुंडाजवळ मित्राची वाट बघत पायरीवर बसलो होतो, कुबड्या शेजारी. एका यात्रेकरू बाईंनी हातावर दहाची नोट ठेवली, नमस्कार केला आणि गेल्या. मला बोलताच येईना. मित्र आला, पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "चल, आज चहा तुझ्या कमाईचा." असा संताप आला! चहा मात्र प्यालो. याच गृहस्थाने पुढे माझ्याकडून पैसे उसने घेतले. मी अजून मागतो, तो अजून टाळतो. बंड्यालाही गोट्याकडून असं काहीतरी हवं असू दे, आणि गोट्याला ते देववू नये.

शेवटच्या प्रकरणात गोट्या 'खट खट कुबड्या वाजवत' घाट उतरतो. कुबडीच्या टोकाला रबरी बूच असतं रे, ते वाजत नाही. वाजलं तर बूच झिजलंय, आणि शेवाळलेल्या पायरीवर गडी आपटलाच म्हणून समज.

रविवारी सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर ये, उतरून दाखवतो. येताना बुचांची एक जोडी आण, माझी वाजायला लागलीत. पैसे लगेच देईन, मी काही तो मित्र नव्हे.

तुझा,
काका