यूकेत गाइडला 'सर' म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की बायको-मुलीसकट पीएचडीला यूकेला येताय, तर गाइडला मेलमध्ये सर लिहायचं की सरळ नावाने हाक मारायची. व्हिसा, फी वगैरे सगळं वेबसाइटवर आहे, ते सोडते.

पहिल्या मेलला 'डिअर डॉक्टर' किंवा 'डिअर प्रोफेसर', पुढे आडनाव. 'डॉक्टर डेव्हिड' नको, ते आपल्याकडे चालतं. आणि नेमकं काय ते डिपार्टमेंटच्या पानावर बघून घ्या, कारण अमेरिकेत शिकवणाऱ्या कुणालाही प्रोफेसर म्हटलं तरी खपतं, इथे बऱ्याच ठिकाणी लेक्चरर, सीनियर लेक्चरर, रीडर असं चढत मग प्रोफेसर. उत्तराखाली त्याने नुसतं 'डेव्हिड' लिहिलं की पुढच्या मेलपासून 'हाय डेव्हिड'. जीभ वळत नाही आधी, मग वळते. 'रिस्पेक्टेड सर' कध्धीच नको. सर इथे शाळेत, आणि शिकवणाऱ्या बाईंना 'मिस', मग त्यांना नातवंडं का असेनात!

सर्जन तर मिस्टर. पूर्वी सर्जन न्हाव्यांच्या गिल्डमध्ये असायचे, डिग्री नसायची, आता परीक्षा देऊन ऐटीत डॉक्टरचे मिस्टर होतात. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणे, मग खरा डॉक्टर कधी येणार?

आता न विचारलेलं. मी कोल्हापूरला कॉलेजात शिकवायचे, पीएचडी झाल्यावर शिपाईमामापण डॉक्टर मॅडम म्हणायला लागले. इथे पहिल्या वर्षाची पोरं नावाने हाक मारतात, त्याचं काही नाही, उलट मोकळं वाटतं. पण मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर माझ्यापुढे डॉक्टर निवडलं, नवऱ्यापुढे मिस्टर, आणि पत्र आलं 'डॉक्टर अँड मिसेस'! नवरा बीकॉम आहे हो. मेल केला, सॉरी आलं, पुढच्या टर्मला परत तेच. नवऱ्याने गंमत म्हणून ते फ्रिजवर लावलं, मी काढून फाडलं आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. पेरेंट्स इव्हिनिंगला मिस त्याच्याकडे बघून विचारतात, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला? तो हसला, मला नाही हसू आलं. मुलगा आता दुसऱ्या शाळेत आहे तरी ते डोक्यातून जात नाही, का ते मलाही नीट सांगता येत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर डिसेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जरा जास्त, बाकी होते सवय. कुकर आणा.

तुमच्या मिसेसपण पीएचडी आहेत म्हणालात ना? शाळेच्या फॉर्मवर पहिला पालक म्हणून त्यांचंच नाव टाका. आम्ही नवऱ्याचं टाकलं होतं, त्यानेच घोळ झाला असेल, किंवा नसेलही.