पायातली काच

प्रश्न : ब्रूस विलिसच्या 'डाय हार्ड' या हॉलिवूड मारधाडपटांपैकी पहिला मी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर बघितलेला माणूस. माझा पुतण्या म्हणतोय काका, २००७ चा चौथाच सगळ्यात भारी. माझ्या मते तो 'डाय हार्ड'च नव्हे, त्याची स्टोरी पण बाहेरनं आणून चिकटवलेली. रंकाळ्यावर भेळ खाताना सुरू झालेलं भांडण घरापर्यंत आलंय, आता वहिनी पण मध्ये पडल्यात. इतक्या उशिरा आलेला भाग जोखायचा तरी कसा?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पहिलं म्हणजे स्टोरी बाहेरची हा मुद्दा सोडा, तिथं तुम्ही हरताय. पहिला भाग १९७९ च्या एका कादंबरीवरनं, दुसरा भलत्याच लेखकाच्या कादंबरीवरनं, तिसऱ्याची स्क्रिप्ट दुसऱ्याच सिनेमासाठी लिहिलेली आणि चौथा मासिकातल्या लेखावरनं सुरू झाला. खास 'डाय हार्ड' म्हणून पहिल्यापासनं लिहिलेला एकच, २०१३ चा पाचवा, आणि त्याची काय दशा झाली ते तुम्हाला ठाऊक आहेच.

लॉजिक नाही हे पण म्हणू नका, ते १९८८ च्या पहिल्यात तरी कुठं होतं.

मी एकच बघतो, हिरोला लागतंय का. पहिल्यात विमानातल्या शेजाऱ्याचं ऐकून हा गडी बूट-सॉक्स काढून बसतो, नेमका तेव्हाच राडा सुरू होतो, मग मारलेल्या गुंडाचे बूट घालून बघतो तर ते लहान, आणि पुढं काचांवरनं अनवाणी पळाल्यावर बाथरूममध्ये बसून वॉकीटॉकीवर बोलत बोलत पायातली एकेक काच उपसतो. बिल्डिंग कशी उडाली ते मी विसरलोय, तो पाय नाही विसरलो. १९९५ च्या तिसऱ्यात तर रात्रीची उतरलेली नाही, डोकं ठणकतंय आणि साहेब अख्ख्या न्यूयॉर्कभर अ‍ॅस्पिरिन मागत फिरतायत, आणि गंमत म्हणजे शेवटी व्हिलनचा पत्ता पण त्या अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीच्या बुडावरच सापडतो! खासबागेत कुस्त्या बघणाऱ्याला काय सांगायचं, अंगाला माती लागलीच नाही तर कुस्ती कसली.

आता चौथा. बारा वर्षांनी आलेला, ब्रूस विलिस ५२ चा, टक्कल झालेलं. ट्रकवर फायटर जेट मिसाइलं सोडतंय, हा त्या जेटवरच उडी टाकतो, तिथनं मोडक्या फ्लायओव्हरवरनं घसरत खाली येतो आणि उठून चालायला लागतो. ५२ व्या वर्षी ओ! आपण जिना उतरताना गुडघा धरतो. त्यात आधीचे तिन्ही अमेरिकेत मोठ्यांसाठीचे, हा पोराटोरांना चालावा म्हणून पीजी-१३ सर्टिफिकेटचा केला, त्यामुळं त्याची ती फेमस शिवी पण गोळीच्या आवाजात बुडवली. पण शेवटी मागनं धरलेल्या व्हिलनला मारायला तो स्वतःच्याच खांद्यातनं गोळी आरपार घालतो, तिथं माझ्या तोंडातनं 'आई गं' निघालं होतं. तेवढा भाग अस्सल. म्हणून माझ्याकडनं चौथा काठावर पास, पाचवा नापास, कारण तिथं मॉस्कोत किती बी उंचावरनं पडू दे, बापलेक कपडे झटकून उठतात.

पुतण्याला आधी तिसरा दाखवा, मग भांडा. आणि वहिनींना पंच करू नका, आई हाय ती त्याची.