इंटिग्रेटरच्या चौकोनात १/एस का लिहितात?

तुम्ही विचारलंत, ब्लॉक डायग्राममधल्या इंटिग्रेटरच्या, म्हणजे सिग्नलचं वेळेनुसार संकलन करणाऱ्या, चौकोनात ५ व्होल्ट शिरले तर बाहेर ५/एस व्होल्ट येतात का, आणि मग हा एस म्हणजे नेमका किती? एसला किंमत देऊ नका, तिथेच घोळ होतो. तारेवर असतो तो वेळेनुसार बदलणारा सिग्नल. स्थिर ५ दिलेत की बाहेर ५टी येतं (टी म्हणजे वेळ), म्हणजे सरळ चढत जाणारी रेषा.

एस येतो तो ई^(एसटी) या फलनातून. त्याचं विकलन केलं की एसने गुणलं जातं, संकलन केलं की एसने भागलं जातं. फलन तेच राहतं. लाप्लास रूपांतर सिग्नलची मांडणी अशाच घातांकी फलनांत करतं, म्हणून कॅल्क्युलस जाऊन बीजगणित उरतं. मूळ सिग्नलचं रूपांतर एफ(एस) असेल, तर त्याच्या शून्यापासून टीपर्यंतच्या संकलनाचं रूपांतर एफ(एस)/एस. पडताळा घ्या: स्थिर ५चं रूपांतर ५/एस, १/एसने गुणल्यावर ५/एस², आणि ५टीचं रूपांतरही नेमकं हेच.

खरी गंमत चौकोन जोडताना येते. स्प्रिंग आणि डॅम्परला (वेगाच्या प्रमाणात गतीला विरोध करणाऱ्या भागाला) बांधलेलं वस्तुमान घ्या. समीकरणात त्वरण एका बाजूला काढा: (बल − सी × वेग − के × विस्थापन)/एम. इथे एम म्हणजे वस्तुमान, सी डॅम्परचा आणि के स्प्रिंगचा स्थिरांक. हे त्वरण पहिल्या १/एसमधून गेलं की वेग मिळतो, दुसऱ्यातून विस्थापन. वेग सीने आणि विस्थापन केने गुणून मागे बेरजेच्या गोलाकडे वजा चिन्हाने वळवा, झाली आकृती. फीडबॅक सोडवलात की बलापासून विस्थापनापर्यंतचं ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे आउटपुट आणि इनपुटच्या रूपांतरांचं गुणोत्तर, १/(एमएस² + सीएस + के) हाती येतं. एसचे चौकोन, म्हणजे डिफरन्शिएटर, लावूनही कागदावर हेच जमेल. पण लावू नका. ते वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज फुगवतात, इंटिग्रेटर तो दाबतो.

एक अट मात्र बरेच जण विसरतात. ट्रान्सफर फंक्शन लिहिताना सुरुवातीची मूल्यं शून्य धरलेली असतात. स्प्रिंग आधीच ताणलेली असेल तर दुसऱ्या इंटिग्रेटरच्या आउटपुटमध्ये एक्स(०)/एस वेगळं मिळवावं लागतं; एक्स(०) म्हणजे सुरुवातीचं विस्थापन. सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या इंटिग्रेटर ब्लॉकमध्ये सुरुवातीच्या मूल्याचा रकाना असतो तो याचसाठी. त्या ब्लॉकवर १/एस छापलेलं असलं तरी आत लाप्लास वगैरे काही चालत नाही. वेळेच्या छोट्या पायऱ्या घेत अंकीय संकलन होतं. म्हणूनच डॅम्परऐवजी वेगाच्या वर्गावर अवलंबून असलेला रोध घातला तरी ती आकृती चालते, पण ट्रान्सफर फंक्शन तेव्हा लिहिता येत नाही.