होडीत दोन बॅटऱ्या? आधी एवढंच सांभाळ

भाऊ, नाथसागरावर रात्री होडी न्यायची म्हणतोस, तर इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळीच ठेव. दिवे, पंप सगळं दुसरीवर. नाहीतर पहाटे सेल मारशील अन् नुसतं 'टिक' ऐकू येईल. मी स्वतः तो 'टिक' ऐकलाय, पैठणचा काठ दिसत होता, वल्हं मात्र घरी!

पुढे दिव्यांसाठी दोन १२ व्होल्टच्या जोडशील तेव्हा प्लसला प्लस, मायनसला मायनस. प्लसला मायनस जोडून सिरीज केलीस तर २४ व्होल्ट होतात, दिवे जागीच उडतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या घे. जुनी बॅटरी नवीलाही घेऊन बुडते. लोडची, म्हणजे दिवे-पंपांकडे जाणारी, प्लस वायर पहिलीवरून घेतलीस तर मायनस दुसरीवरून घे, म्हणजे दोन्ही सारख्या उतरतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच, वीतभर अंतरात. हा कंटाळा सगळेच करतात.

साधी पाण्याची बॅटरी असेल तर:
- बॅटरी निवांत असताना, म्हणजे चार्जिंग नाही अन् काही चालू नाही तेव्हा, मीटर १२.२ व्होल्ट दाखवायला लागला की अर्धी संपली. लगेच चार्जिंगला लाव.
- चार्जिंग उघड्यावर कर, बिडी लांब. गॅस पेटतो.
- डिस्टिल्ड वॉटरच घाल, बोअरचं नको.

सोलरचं नंतर बघू.