फोटो ताईचा होता

प्रश्न : मावशी, माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गेल्या वर्षी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. आता केमो संपली आहे, पण तळवे बधिर झालेत. परवा चालता चालता पायातली चप्पल निघून मागे राहिली, तिला कळलंसुद्धा नाही. तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मी एका कॅन्सर संस्थेचं वॉकिंग चॅलेंज घेतलं : महिनाभर रोज १०,००० पावलं, आणि ओळखीच्यांकडून देणगी. आवाहनात ताईचा केस गेलेला फोटो टाकला. पैसे भराभर जमू लागले. नवव्या दिवशी ताई एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं." तेव्हापासून ती तुटक बोलते. नवरा म्हणतो, द्यायचे तर सरळ पैसे दे, चालायचं कशाला? आता बूट घालायलाही लाज वाटते. सोडून देऊ का?
– धाकटी

उत्तर : प्रिय धाकटी,

आधी तो फोटो काढ. माझं उत्तर पुढे वाचण्याआधी काढ. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनाही पुसून टाकायला सांग. सगळ्यांच्या फोनमधून तो जाणार नाही, आणि हेही ताईला खरं खरं सांगावं लागेल.

तुझ्या मनात वाईट नव्हतं. ताईलाही ते कळतंय, म्हणून तर ती भांडली नाही. आणि भांडता येत नाही, हेच तिला जास्त टोचत असणार. आजारपणात माणसाच्या हातातून किती काय सुटतं बघ. शरीर डॉक्टरांच्या ताब्यात, दिवस तपासण्यांच्या तारखांनी बांधलेले, घरातली माणसं दाराआड कुजबुजायला लागलेली. आपलं दुखणं कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, एवढंच काय ते आपल्या हातात उरतं. तू त्यालाच हात घातलास.

हे मी अनुभवाने बोलते आहे. माझ्या आईच्या आजारपणात येईल-जाईल त्याला मी तिच्या रिपोर्टांची हकीकत सांगत असे. एकदा भेटायला आलेल्या बाईंनी सगळं माहीत असल्यासारखा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आईने चादर कपाळापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या बाई जाईपर्यंत ती वळली नाही. मला ती काहीच बोलली नाही. मीही विषय काढला नाही, आणि मग वेळ निघून गेली. तुझी ताई निदान एक वाक्य तरी बोलली आहे. ते धरून तिच्याकडे जा.

फोनवर नको, समोर बसून बोल. "तुला न विचारता केलं, चुकलं माझं," इतकं पुरे. त्यापुढे 'पण' लावू नकोस. पैसे चांगल्या कामाला जाताहेत हे खरंच आहे, तरी त्या दिवशी ते वाक्य गिळून टाक. मग तिला विचार, "मी चालू की थांबू?" ती म्हणेल ते मान्य कर.

मला वाटतं ती 'चाल' म्हणेल. तेव्हा आवाहन नव्याने लिही, आणि त्यात तू बोल. बहीण आजारी पडल्यावर तुझी झोप कशी उडाली, दवाखान्याच्या बाकावर बसून काय वाटायचं, हे तुझं आहे, ते सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्सचं उदाहरण घे. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला तो कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला, दिवसाला साधारण ४२ किलोमीटर धावत. वाटेत गावोगावी आजाराबद्दल तो स्वतः उभा राहून बोलायचा. दुखणं त्याचं होतं आणि ते सांगायचं हेही त्यानेच ठरवलं होतं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्यामुळे १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. पलीकडचा समुद्र त्याला गाठता आला नाही. तरी देशातल्या माणसामागे एक डॉलर हा त्याचा संकल्प पुढच्या फेब्रुवारीत पुरा झाला : २ कोटी ४० लाख डॉलर. त्यामुळे नऊ दिवसांनंतर तुझा खंड पडला किंवा थांबावं लागलं, तरी देणगीदारांना तसं मोकळेपणाने कळव. कुणी पैसे परत मागायला येत नाही.

तुझ्या नवऱ्याचं बोलणं चुकीचं नाही, फक्त अपुरं आहे. तू एकटीने दिलेस तर ती तुझी एकटीची देणगी. तू महिनाभर चालतेस तेव्हा रोज कुणाला तरी तुझी आठवण होते आणि त्याचा हात खिशाकडे जातो. मात्र पैसे तुझ्या खात्यात घेऊ नकोस, ते थेट संस्थेकडे जाऊ देत आणि पावती देणाऱ्याच्या नावावर निघू दे. ते संशोधनाला जाणार की रुग्णांच्या राहण्या-प्रवासाला, हे आवाहनात लिही. ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांची मनात यादी करू नकोस. कुणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला दिसत नसतं.

आणि त्या १०,०००चा धाक घेऊ नकोस. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला, डॉक्टरी हिशेबातून नव्हे. रोजचे ते साधारण सात किलोमीटर होतात. सवय नसेल तर दिवसातून दोन-तीनदा विभागून चाल. नवे बूट टाळ, रुळलेले घाल.

राहिले ताईचे पाय. काही केमोच्या औषधांनी नसांना इजा होते, त्यातून हा बधिरपणा येतो. डॉक्टरांना सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत नक्की सांगा. मागून पट्टा नसलेली चप्पल तिने सध्या बाजूला ठेवावी, टाच धरणारं पादत्राण घालावं. लागलेलं तिला कळणार नाही, म्हणून रात्री तळवे बघावेत. तिला चालेल तर ते तू बघ. आणि तिला दारापर्यंत चालावंसं वाटलं, तर तुझा वेग सोडून तिच्या बाजूने चाल. त्या वेळी फोन घरात ठेव.

ताईशी बोलणं झालं की मला दोन ओळी लिही. वाट बघते.

– मावशी