बॅले शिकणारी मुलगी जेवण टाळते, हे डाएट समजायचं की आजार?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १५ वर्षांची आहे, चार वर्षं बॅले शिकते, काही महिन्यांपासून जेवण टाळते. क्लासचे म्हणतात नाचणाऱ्या मुली एवढंच खातात. मग काळजी करायची का, आणि क्लास बंद करायचा का?

काळजी करा. वजनकाट्याची वाट बघू नका. मी डॉक्टर नाही. म्हापशाला राहते. माझी मुलगी पणजीला बॅले शिकायची आणि सोळाव्या वर्षी तिला अनोरेक्सिया झाला, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. घरात चार मोठी माणसं असून आम्हाला कळायला आठ-नऊ महिने लागले.

ती उपाशी बसायची नाही ना! सगळ्यांबरोबर पाटावर यायची, बांगडा ताटात घ्यायची आणि काटे काढायला लागायची. अर्धा तास काटेच. आम्ही हात धुवायला उठायचो तेव्हा ताटाच्या कडेला ढीग झालेला असायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "बघ, कशी निवडून जेवते." त्या ढिगात मासाही असतो हे एकदा केराची पिशवी फुटली तेव्हा दिसलं. श्रावण तर तिला आयताच मिळाला. आधी सोमवार, मग संकष्टी, मग एकादशी, आणि आम्ही कौतुक करतोय. चवथीला माझ्याबरोबर बसून शंभरावर नेवऱ्या (करंज्या) केल्या, सगळ्यांना आग्रह करकरून वाढल्या, स्वतः एक नाही. दुसऱ्यांना रांधून घालण्यात रमणं हे या आजारात नेहमी दिसतं, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा वाटलं, पोर मोठी झाली. आलेल्या बायका "किती बारीक झालीस गो, छान दिसतेस" म्हणून गेल्या.

पुढे दहावीच्या परीक्षेच्या सुमारास पाळी थांबली. आम्ही टेन्शनवर ढकललं. मग मे महिन्यात स्वेटशर्ट. म्हापशाच्या मे महिन्यात अंगावर सुती कपडा नकोसा होतो, आणि ही पंखा बंद करा म्हणायची. पुरेसं अन्न मिळेनासं झालं की शरीर खर्च कापायला लागतं. अंगातली ऊब जाते, नाडी मंदावते, पाळी बंद होते.

पकडलं ते हाडाच्या डॉक्टरांनी. पाऊल दुखतं म्हणून नेली होती. पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला चीर होती. बोटांच्या टोकांवर उभं राहताना त्या हाडावर फार ताण येतो, त्यामुळे बॅलेवाल्यांना तिथे चीर जाणं नवीन नाही. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी, म्हणजे हाडं भरायच्या नेमक्या वयात ती भरत नाहीत. पायाला आधाराचा बूट घालून आम्ही घरी आलो, पण त्या दिवसापासून आजाराला नाव मिळालं.

आता क्लासवाल्यांचं म्हणणं. २०१४ साली ३३ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब आहे. त्यात नर्तकांमध्ये १२ टक्के आणि बॅले करणाऱ्यांमध्ये १६ टक्क्यांच्या थोडं वर इतक्यांना खाण्याचे विकार निघाले. म्हणजे सर्रास आहे हे खरंच. पावसात डेंग्यूही सर्रास असतो, म्हणून आपण ताप अंगावर काढतो का? माझ्या मुलीला टीचरनी कधी "बारीक हो" म्हटलं नाही. वजन थोडं उतरल्यावर आरशासमोर "आता लाइन छान दिसते" एवढंच म्हणाल्या, लाइन म्हणजे नाचताना दिसणारी शरीराची रेषा. ते वाक्य तिला तारखेसकट पाठ आहे. अर्थात एकादशीचं कौतुक करणारी मी टीचरना काय बोलणार?

तुम्ही जेवणावरून भांडण काढण्याआधी तिला फिजिशियनकडे न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस एवढं बघायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले तरी निर्धास्त होऊ नका, आमचेही बरेचसे नॉर्मल होते. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल किंवा चक्कर येऊन पडत असेल तर त्याच दिवशी गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत. आणि बरेच दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर घाबरून एकदम भरपूर भरवू नका. रक्तातलं फॉस्फरस झपकन उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून खाणं वाढवायचं ते डॉक्टरांच्या नजरेखाली.

मग मानसोपचार. बांबोळीची आयपीएचबी आहे, सरकारी मानसोपचार संस्था. "बांबोळीला नेली" म्हणून लोक बोलतील, बोलू देत. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. आम्हाला जी पद्धत लागू पडली तिची सुरुवात १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात झाली. काय खायचं, किती खायचं हे काही काळ आईवडलांनी ठरवायचं आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. वाटीभर पेजेला पाऊण तास लागायचा, कधी वाटी भिंतीवर जायची. मी समजावणं सोडून दिलं, नुसती बसून राहायचे. बोलले की भांडण, हे दोन आठवड्यांत कळलं होतं.

क्लासचं विचाराल तर आम्ही सात महिने बंद ठेवला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ती त्यावरून माझ्याशी जितकं भांडली तितकं जेवणावरूनही भांडली नाही. तुमच्या मुलीचंही नाडी-ईसीजी बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. माझी मुलगी आता दुसऱ्या ठिकाणी जाते, आठवड्यातून दोनदा. पाळी चुकली की क्लास बंद, हे तिने कबूल केलंय. मासे खाते. फक्त बांगडा आम्ही अजून आणत नाही, सुंगटं (कोळंबी) आणतो. काटे नसतात त्यांना.