शेनिन ब्लाँ: वाईनची बाग थॉमसनच्या शेड्यूलवर चालवू नका

गेल्या काही दिवसांत दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतून शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईन द्राक्षाबद्दल बऱ्याच विचारणा आल्या. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे: बाग वाईनची आणि फवारणीचे वेळापत्रक थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षाचे. म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

प्रश्न : घड बाहेरून चांगले दिसतात, पण काढणीच्या तोंडावर आतून सडतात. दुकानदाराने बुरशीनाशक, कॅल्शियम आणि स्टिकर (औषध चिकटवणारे द्रव्य) असे एकत्र दिले आहे. मारू का?

नाही. मारू नका. घड आतून सडू लागल्यावर वरून मारलेले औषध आत पोहोचत नाही. ते बाहेरच्या मण्यांवर बसते आणि तिथून थेट वायनरीच्या टाकीत जाते.

आधी घड तपासा. सकाळी दव असताना बागेत जा, ओलांड्याजवळचा, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडाजवळचा, एक दाट घड काढा आणि खांद्याची पाकळी मोडून दांड्याच्या बाजूला पाहा. शेनिनचा घड मुळातच घट्ट असतो आणि मणी फुगले की एकमेकांना दाबतात. आतला एखादा मणी देठापासून सुटतो, रस गळतो, शेजारचे चार मणी तपकिरी होतात. वास घ्या. नुसता बुरशीचा कुबट वास असेल तर सडलेल्या पाकळ्या कात्रीने काढून घड वाचतो. आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल आणि चिलटे उठत असतील तर तो घड खाली टाकू नका. बादलीत घ्या, बागेबाहेर नेऊन पुरा. जमिनीवर टाकलेला घड चिलटांना आमंत्रण देतो.

हा दोष या जातीच्या रक्तातच आहे. शेनिनचे मूळ गाव फ्रान्समधले लॉयर नदीचे खोरे, आंजू आणि वुव्रेचा पट्टा. तिथेही शरद ऋतूतल्या पावसात घड सडण्याची धास्ती असतेच. तिथले द्राक्षकरी एकाच बागेत अनेक फेऱ्या करून पिकेल तसे घड उतरवतात. तिथे थंड धुक्याच्या सकाळी आणि कोरड्या दुपारी येणारी एक बुरशी मण्यातले पाणी आटवते आणि त्यापासून नावाजलेली गोड वाईन होते. हे ऐकून आपल्याकडे काही जण 'बुरशी चांगली असते, राहू द्या' असे सांगत फिरतात. अजिबात ऐकू नका. आपल्या हवेत तो सड दोन-तीन दिवसांत आंबट होतो. सडका माल टाकीत गेला की रस तपकिरी पडतो, शिरक्याचे आम्ल वाढते आणि वायनरी गाडी परत पाठवते.

उपाय फवारणीच्या पंपात नाही, मजुराच्या हातात आहे, आणि तो काढणीच्या आधी तीन महिने करायचा असतो. पूर्वेकडची पानकाढणी. मणी सेटिंग झाले (फुलातून मणी धरले), मणी ज्वारीएवढे झाले की घडाच्या पातळीवरची दोन-तीन पाने फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढा. पश्चिमेच्या पानाला हात लावू नका. दुपारचे ऊन थेट घडावर पडले तर मण्यांवर चट्टे उठतात. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर उत्तरेची बाजू मोकळी करा, कारण आपल्या हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सोबत फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढा, घडाजवळच्या बगलफुटी काढा. घडाला वारा लागला पाहिजे, दव नऊ-साडेनऊपर्यंत वाळले पाहिजे. एवढे केलेल्या बागेत अवकाळीची एक सर येऊन गेली तरी माल टिकतो. न केलेल्या बागेत नुसत्या धुक्याने जातो. शेकडो शेतांत मी हाच फरक पाहिला आहे.

पण वेळ चुकवू नका. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून पिकू लागल्यावर) पाने काढली तर सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येते आणि भाजते. उशिरा सुचलेली पानकाढणी न केलेलीच बरी.

प्रश्न : घड मोकळा व्हावा म्हणून दुकानदार जीएचे (जिबरेलिक आम्ल या संजीवकाचे) डिपिंग, म्हणजे द्रावणात घड बुडवणे, आणि फुगवणीसाठी सीपीपीयू हे दुसरे संजीवक सुचवतो. प्रमाण किती घ्यावे?

प्रमाण शून्य. पुन्हा सांगतो, शून्य. हे वेळापत्रक थॉमसन, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या, खाण्याच्या जातींचे आहे. शेनिनच्या मण्यात बी असते. बियांच्या जातीवर जीए पडले की एकाच घडात वाटाण्याएवढे आणि बाजरीएवढे मणी दिसतात, दांडा जाड व ठिसूळ होतो आणि पुढच्या हंगामात डोळ्यांची फूट व घडांची संख्या घटण्याचा धोका राहतो. सीपीपीयूने साल जाड होते, पक्वता लांबते, साखर रेंगाळते. आणि मुळात ज्या घडाचा त्रास मणी एकमेकांना दाबण्याचा आहे, त्याचे मणी आणखी फुगवून काय साधणार?

खाण्याच्या द्राक्षाला मण्याच्या मिलिमीटरवर भाव मिळतो. वायनरी मिलिमीटर विचारत नाही. ती साखर, आम्लता, सामू (पीएच) आणि मालाचे आरोग्य पाहते. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते आणि वास-चव सालीच्या जवळ असते. म्हणजे तुमचा शेजारी ज्याला 'बारीक माल' म्हणतो, तोच वाईनचा चांगला माल.

दुकानदार वाईट माणूस असतो असे नाही. त्याच्याकडे येणारे बहुसंख्य गिऱ्हाईक थॉमसनवाले, म्हणून तो तेच पॅकेट सगळ्यांना देतो. पण बिल तुम्ही भरता आणि गाडी परत आली तर तोटाही तुमचाच. दुकानात शिरताच 'वाईनची बाग आहे, बी असलेली जात आहे' हे आधी सांगा. तरीही जीए पुढे केले तर उठून या.

प्रश्न : ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) १८ वर अडकले आहे. ०:०:५० या पालाशच्या (पोटॅशच्या) खताच्या दोन-तीन फवारण्या सांगितल्या आहेत. चालेल का?

माती-देठ परीक्षणात पालाशची कमतरता दिसली असेल तरच पालाश द्या, आणि तेही वेळेवर, ठिबकमधून. पक्वतेच्या वेळी पानावर पोटॅशचा मारा करणे हा या जातीचा सर्वांत मोठा गुण स्वतःच्या हाताने घालवणे आहे. शेनिनची किंमत तिच्या आंबटपणात आहे. उष्ण हवेत बहुतेक पांढऱ्या जातींचे आम्ल लवकर उतरते, ही मात्र टिकवून धरते. म्हणून नाशिकच्या पट्ट्यात ती रुजली, म्हणूनच दक्षिण आफ्रिकेत आज तिचे क्षेत्र फ्रान्सपेक्षाही जास्त आहे. रसात पालाश जादा झाले की टार्टारिक आम्लाचे क्षार होऊन खाली बसतात, सामू चढतो आणि वाईन बेचव, लवकर बिघडणारी होते. मग वायनरीला बाहेरून आम्ल घालावे लागते. पुढच्या वर्षी ते तुमचा माल घेताना विचार करतील.

साखर अडकण्याचे कारण बहुधा वेलीवरचा बोजा असतो. एकरी ८-१० टन धरून वर २१ ब्रिक्सची अपेक्षा करू नका. एकरी ५ टनांच्या आसपास थांबा. जादा घड सेटिंगनंतर लगेच काढा, पाणी उतरल्यावर नाही. पाणीही पाहा. पाणी उतरल्यानंतर ठिबक कमी करा पण एकदम तोडू नका, पाने पिवळी पडली तर साखर बनवणार कोण? आणि आठ दिवस कोरडे ठेवून मग भरपूर पाणी सोडले तर मणी तडकतात. तडकलेल्या मण्यातून सड सुरू होतो.

ब्रिक्स मोजाही नीट. एका गोड दिसणाऱ्या मण्यावर रिफ्रॅक्टोमीटर लावून वायनरीला फोन करू नका. बागेत तिरके फिरून, दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि शेंड्याचे असे शंभरेक मणी घ्या, पिशवीत चुरडा, गाळलेल्या रसाचा थेंब मोजा. साध्या पांढऱ्या वाईनसाठी साधारण २० ते २२ ब्रिक्स आणि लिटरला ६ ते ८ ग्रॅम आम्लता ही तोडीची वेळ. फसफसणाऱ्या वाईनसाठी वायनरी १८-१९ ब्रिक्सलाच माल मागते. तेव्हा तोडीची तारीख दुकानदाराने नाही, वायनरीच्या माणसाने ठरवायची. काहींना 'लेट हार्वेस्ट'चा मोह होतो, कारण त्या गोड वाईनची बाटली महाग विकली जाते. वेलीवर राहिलेला माल सुकतो, वजन घटते, पक्षी खातात. वायनरीने दरासकट लेखी मागितले असेल तरच ठेवा.

प्रश्न : भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) दिसते आहे आणि काढणीला तीन आठवडे राहिलेत. गंधक मारू का?

मारू नका. भुरीसाठी गंधक चांगलेच आहे, पण मण्यात पाणी उतरेपर्यंत. वाईन जातीत काढणीच्या किमान सव्वा महिना आधी गंधक बंद. मण्यावर राहिलेले गंधक रसासोबत टाकीत जाते, आंबवण करणारे यीस्ट त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवते आणि अख्ख्या टाकीला सडक्या अंड्याचा वास लागतो. खाण्याचे द्राक्ष धुता येते. वाईनचे द्राक्ष न धुता सरळ दाबयंत्रात जाते, हे लक्षात ठेवा. तांब्याच्या औषधांचेही तसेच, बोर्डो मिश्रण पावसाळ्यात आणि विश्रांतीच्या काळात ठेवा. काही बुरशीनाशकांचे अवशेष यीस्टलाच मारतात आणि आंबवण मध्येच थांबते.

या टप्प्यावर बॅसिलस सबटिलिस किंवा अ‍ॅम्पेलोमायसिस अशी जैविक औषधे संध्याकाळी फवारा. त्या आठवड्यात गंधक किंवा दुसरे बुरशीनाशक मिसळू नका. रासायनिक औषध घ्यायचेच असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत त्याचा काढणीपूर्व कालावधी पाहा. दिवस बसत नसतील तर दुकानदाराच्या 'काही होत नाही'वर जाऊ नका. आणि दीडपट डोस कधीच नको. डोस वाढवल्याने भुरी दुप्पट मरत नाही, अवशेष मात्र वाढतात.

प्रश्न : लवकर छाटणी केली तर भाव जास्त मिळेल का? डोळे एकसारखे फुटायला हायड्रोजन सायनामाइड हे फूट आणणारे रसायन जास्त घ्यावे का?

वाईन द्राक्षाला मार्केटची शर्यत नसते, दर करारात ठरलेला असतो. ऑगस्टअखेर गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) केली की फुलोरा पावसात सापडतो आणि डाऊनी (केवडा) हा बुरशीजन्य रोग घड खाऊन टाकतो. नोव्हेंबरात ढकलली तर पक्वता मार्चच्या उन्हात येते, आम्ल उतरते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. वायनरीने वेगळी तारीख दिली असेल तर ती पाळा. चार-साडेचार महिन्यांत माल तयार होतो आणि तोड जानेवारी-फेब्रुवारीच्या थंड रात्री करता येते.

सायनामाइड लेबलवरच्या प्रमाणातच, छाटणीनंतर ४८ तासांच्या आत, डोळ्यांवर पेस्टसारखे लावा. 'जरा जास्त घ्या, फूट जोरात येईल' म्हणणाऱ्याला काडी जळाल्यावर जबाबदार धरता येत नाही. हातमोजे सक्तीचे. लावणाऱ्या मजुराने आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारूला शिवू नये. हे औषध अंगात गेलेले असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. मुकादमाला नाही, प्रत्येक मजुराला हे स्वतः सांगा.

प्रश्न : नवीन लागवड करायची आहे. कोणत्या योजना आहेत?

ठिबकला 'प्रति थेंब अधिक पीक'मधून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान, वर राज्याचे पूरक अनुदान, अर्ज महाडीबीटीवर. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्ष आहे, मुदत चुकवू नका. व्हॅट परतावा वायनऱ्यांना असतो, तुम्हाला नाही. त्याच्या नावावर कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

योजनेआधी करार. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर वायनऱ्या वाढल्या, लागवडी वाढल्या, आणि २००८-०९ नंतर साठा पडून राहिल्यावर उठाव थांबला. तेव्हा अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. वाईन द्राक्ष बाजारात हातगाडीवर विकले जात नाही, बी आणि आंबटपणामुळे कोणी खात नाही. करारात क्षेत्र, टन, ब्रिक्सप्रमाणे दर, पैसे किती दिवसांत आणि माल नाकारण्याची कारणे एवढे लिहून घ्या. वायनरी पुढे करेल त्या कोऱ्या कागदावर सही नको. लागवड करताना कलम कोणत्या खुंटावर (मुळाकडच्या जातीवर) घ्यायचे ते माती-पाण्याच्या अहवालावरून ठरवा, आणि ओळी शक्यतो उत्तर-दक्षिण आखा, म्हणजे पूर्वेकडची पानकाढणी पहिल्या वर्षापासून सोपी जाईल.

तोडीच्या दिवशी पहाटे सुरुवात करा, ऊन चढायच्या आत थांबा. क्रेट काठोकाठ भरू नका, खालचे मणी फुटून रस सुटला की वाटेतच आंबायला लागतो. क्रेट सावलीत ठेवा, गाडी थांबवून ठेवू नका, आणि वजनकाट्यावर ब्रिक्सची नोंद तुमच्यासमोर करून पावती घ्या.